डावं चाक

मरीआईचा गाडा ओढ्याच्या मधोमध येऊन थांबला तेव्हा आमच्या निंबोडीचे सगळे बापे काठ्या घेऊन काठावर उभे होते, आणि दोन्ही गावचे पाटील नाकाला उपरणी गुंडाळून एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत होते.

“घरची मंडळी बरी हायत न्हवं?” आमचे बयाजी पाटील अलीकडून ओरडले.

“आईच्या किरपेनं समदी बरी,” पलीकडून वडजलचे नागोजी पाटील ओरडले. “धाकटा पोरगा तेवढा काल गेला.”

“अरारा! आन् आमचं जावईबापू?”

“त्यो काय, गाडा वढतोय.”

पाण्यात कंबरेपर्यंत बुडालेल्या जावईबापूंनी एका हातात गाड्याचा दोर धरून दुसऱ्या हातानं सासऱ्याला रामराम केला. सासऱ्यानंही केला, आणि दोन पावलं मागं सरकला.

हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. आता त्याला खूप वर्षं झाली. तेव्हा आमच्या मुलखावर विजापूरचा अंमल होता म्हणायचा, पण रोगाची पहिली आवई उठली तसा ठाण्यातला अंमलदार घोडी, बायका आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन पसार झाला, आणि अंमल उरला तो मरीआईचा. आधी उंदीर यायचे. भर उजेडात, झिंगल्यासारखे चालत अंगणात यायचे आणि मरायचे. मग माणसाला ताप भरायचा. मग काखेत नाहीतर जांघेत लिंबाएवढी गाठ यायची. गाठ दिसली की घरचे लोक वैद्याकडं जायचं सोडून सरपण गोळा करायला लागायचे.

यावर आमच्या खोऱ्यात उपाय एकच होता. सुतारानं गाडा करायचा, त्यात देवीला बसवायचं, पुढ्यात दहीभात, लिंबं, धान्याची पोती आणि एक जिवंत कोंबडा ठेवायचा, आणि सगळ्या गावानं मिळून तो गाडा ओढत नेऊन पुढच्या गावच्या शिवेवर सोडायचा. देवी गेली की तिच्या मागोमाग रोग जातो. पुढच्या गावानं तिची पूजा करून तिला आणखी पुढच्या गावाला पोचवायची. शेजारधर्म म्हणून एवढं एक काम मात्र सगळी गावं न चुकता करत. देवीला हिरवं लुगडं लागे. नवं लुगडं कुठून आणणार, म्हणून रोगानं गेलेल्या बायकांच्या पेट्यांतलीच चांगली लुगडी काढून तिला नेसवत. धान्याच्या पोत्यांत आतून काहीतरी खसफसायचं. तो देवीचा संचार, असं म्हणून लोक पोत्यांना हात जोडायचे.

गाडा सोडून परतताना पथ्य एकच. मागं वळून बघायचं नाही. ज्यानं बघितलं, त्याच्या मागोमाग देवी त्याच्या गावात परत जाते.

वडजलनंतर आमची निंबोडी, आणि निंबोडीनंतर कोणी नाही. गावामागं उभा कडा आहे, त्याच्यावरून शेळीसुद्धा उतरत नाही. बाकीच्या गावांना देवी पाहुणी होती. आमच्याकडे आली असती तर ती राहायलाच आली असती. आणि ओढा चढून वर आलं की पहिलं घर आमचं होतं, कारण माझं सासर सुताराचं, आणि सुताराला लाकूड भिजत टाकायला पाणी जवळ लागतं. माझा केरबा तेव्हा तान्हा होता. नुकता पालथा पडायला लागला होता.

गाड्याच्या मागच्या बाजूला, खांदा लावून ढकलणाऱ्यांत माझा बा होता.

वडजल माझं माहेर, आणि गाडा त्यानंच केला होता. राणू सुतार म्हटलं की वडजलमध्ये लोक आधी हसायचे आणि मग त्याचं काम किती चांगलं ते सांगायचे. बाचं तोंड कधी बंद नसायचं. रंधा मारताना तो लाकडाशी बोलायचा, जेवताना भाकरीशी. आणि त्याला एक खोड होती. काम पुरं करून निघाला की दोन पावलं जायचा आणि मान वळवून केलेल्या कामाकडं बघायचा. नांगर असो, दार असो, पाळणा असो. माझ्या पाठवणीच्या दिवशी मी गाडीत बसून रडत होते, बायका रडत होत्या, वाजंत्री थांबले होते, आणि बा परत फिरून दोन पावलं गेला, मान वळवली आणि ओरडला, “डाव्या चाकाला वंगण कमी हाय!” रडणारी माणसं हसायला लागली. मी पदरात तोंड खुपसून बसले होते, वर बघितलंच नाही.

माझ्या सासूनं ते पक्कं लक्षात ठेवलं. माझ्या हातून काही सांडलं-लवंडलं की म्हणायची, “तुझ्या बाला लेक चालल्याचं दुख न्हवतं, चाकाचं व्हतं.” मला फार राग यायचा, कारण मलाही तसंच वाटायचं.

तर त्या दिवशी ख्यालीखुशाली संपली आणि पाटलांची बोलणी सुरू झाली.

“नागोजीराव, आता पुढं येऊ नगा,” बयाजी पाटील म्हणाले. “गाडा तुमच्याच शिवेत हाय.”

“आमच्या शिवेत कसा? वढा निंबोडीचा. म्हंजी गाडा पोचला. आमचं काम झालं.”

“वढा आमचा? कोन म्हनलं?”

“तुमीच म्हनला की! गेल्या उन्हाळ्यात.”

हे खरं होतं. ओढ्याकाठच्या गवतावरून दोन्ही गावांची जुंपली होती. अख्खा ओढा आमचा, असं आमचे पाटील म्हणत होते आणि अख्खा ओढा आमचा, असं त्यांचे. त्यापायी काठ्या चालल्या होत्या. आता बयाजी पाटलांनी छातीवर हात ठेवला.

“ती आमची चूक झाली, व्याही. आमच्या आज्यानं मरताना सांगितलंया, वढा वडजलचा. तुमच्या काठापासनं आमच्या काठापातूर समदा तुमचा.”

“असं कसं? आमी दुसऱ्याचं कदी घेत न्हाई.”

“घ्या वो. आपल्यात काय परकं हाय का?”

आमच्या बाजूला दगडू म्हणून एक जण उभा होता. उन्हाळ्यातल्या मारामारीत त्याच्या टाळूला खोक पडली होती आणि तेव्हापासून त्याची मान एका बाजूला कलली होती. तो बराच वेळ दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. शेवटी म्हणाला, “पाटील, मग माजं डोस्कं कशापायी फुटलं?”

दोन्ही पाटील पुन्हा एकमेकांना ओढा द्यायला लागले.

गाड्याबरोबर पोतराज होता, तोही पाण्यातच. इतका वेळ थंड पाण्यात उभं राहून त्याचे दात वाजायला लागले होते. त्यानं एकदम आसूड उगारला, अंग घुमवलं आणि किंचाळला. त्याच्या अंगात आलं. दोन्ही काठांवरची माणसं हात जोडून उभी राहिली.

“आईला थंडी वाजतीया!” पोतराज घुमत म्हणाला. “आईला लवकर घरी न्या!”

“कुनाच्या घरी, आई?” दोन्ही पाटलांनी एकदमच विचारलं.

पोतराजानं एकदा वडजलच्या काठाकडं बघितलं. तिथं त्याची बायकोपोरं उभी होती. मग त्यानं आसूड आमच्याकडं केला.

आमच्या बाप्यांच्या काठ्या हळूहळू खाली आल्या. माणसांना मारता येतं, देवीला कोण मारणार? बयाजी पाटलांनी तोंडावरचं उपरणं काढलं आणि पुन्हा बांधलं. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. माझा नवरा कोंडाजी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “घरी जा आन् दार लावून घे.” दार लावल्यानं काय होणार होतं, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मी घरी गेले नाही. केरबाला कडेवर घेऊन काठाच्या खाली, पाण्याजवळच्या लव्हाळ्यात उतरले. मागून सासू ओरडत आली, “अगं ये सटवे, पोराला घिऊन कुटं निगालीस?” पण तीही येऊन माझ्या शेजारी उभी राहिली.

बानं मला बघितलं. तो वळसा घालून गाड्याच्या अलीकडच्या बाजूला आला. हाक मारली तर ऐकू येईल एवढंच अंतर.

“भिवरे! पोराला हितं कशाला आनलंस? घरी जा.”

“घरी जाऊन काय करू? गाडा आमच्याच दारावरनं वर जायचा हाय.”

बा गप्प झाला. त्याला गप्प झालेलं मी जन्मात पहिल्यांदाच बघत होते.

“दादा कुटं हाय रं? आन् वैनी?”

“हायत की. घरी हायत.”

“तू बरा हाईस न्हवं?”

“मला काय धाड भरलीया? पोरगं पालथं पडतंय का?”

“पडतंय.”

“मान धरतंय?”

“धरतंय.”

“वाईच वर धर बघू त्याला.”

मी केरबाला दोन्ही हातांनी उंच धरलं. केरबानं पाय झाडले आणि गाड्यावरच्या कोंबड्याकडं बघून आरोळी ठोकली. बा बघत राहिला. त्याच्या कपाळावरून पाणी गळत होतं, ते त्यानं पुसलंही नाही. तेवढ्यात नागोजी पाटलांनी पलीकडून हाळी दिली आणि वडजलच्या माणसांनी दोर सोडले.

गाडा सोडल्यावर तो घरंगळू नये म्हणून चाकांना दगडाची उटी लावायचं काम सुताराचं. तळाच्या फळ्यांना पाणी लागलं होतं, चाकं पार बुडाली होती. बानं बुडी मारली, आत हातानं चाचपून दगड सरकवले, वर आला, श्वास घेतला, पुन्हा बुडाला. तोवर बाकीची माणसं खाली माना घालून, पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवून आपल्या काठाकडं निघाली होती. कुणी शिंकलंसुद्धा नाही. बयाजी पाटील देवाचं नाव घ्यायला लागले. आमच्यातली एक म्हातारी मोठ्यानं रडायला लागली. ती माणसं एकदा वर चढली की गाडा आमचा होणार होता.

एकेक करून ती चढली. शेवटी बा उरला. तो काठाशी पोचला, झाडाची मुळी धरून वर निघाला, आणि एक पाऊल राहिलं असताना थांबला.

आणि वळला. नुसती मान नाही, सगळा वळला. पाय रोवले, उन्हासाठी कपाळाला हात लावला आणि निवांत बघितलं.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग बयाजी पाटलांनी अशी काही उडी मारली की त्यांचं पागोटं पाण्यात पडलं.

“बगितलं! मागं बगितलं! आईची आन, समद्यांच्या देखत बगितलं!”

आमच्या काठावर जो गोंधळ उडाला तो गावजत्रेतही कधी उडाला नसेल. लोक नाचत होते. दगडू वाकड्या मानेनं नाचत होता. कुणीतरी हलगी बडवली. कोंडाजीनंही काठी वर केली, मग त्याची नजर माझ्याकडं गेली आणि त्यानं ती खाली घेतली. पलीकडं वडजलची माणसं माझ्या बावर तुटून पडली होती. तिकडचे रट्टे मला दिसत होते, इकडच्या हलगीत ते ऐकू मात्र येत नव्हते.

माझ्या शेजारी सासू कमरेवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, “चाक बगितलं आसंल मेल्यानं. खोडच हाय ती.”

ज्यांनी ऐकलं ते हसले, आणि त्यांनी ते पुढं सांगितलं. चुलीवर भाकऱ्या पडायच्या आत सगळ्या निंबोडीला कारण कळलं होतं. राणू सुतारानं चाक बघितलं.

वडजलच्या लोकांनी त्याला गावात घेतलं नाही. दगड मारत परत पाण्यात लोटलं. “तू बोलावलीस, आता तूच संबाळ तिला,” असं नागोजी पाटील म्हणाले. त्या दिवशी ते रडत होते, ते मला आठवतं. वडजलनं गाड्याला हात लावायचा नाही, कारण लावला तर आई गावात येईल. निंबोडीनं लावायचा नाही, कारण ती आता परत फिरली आहे. अशा रीतीनं दोन्ही पाटलांचं एकमत झालं, त्यांनी लांबूनच एकमेकांना रामराम घातला आणि गाडा ओढ्यात तसाच राहिला. गाड्यावर देवी, देवीच्या शेजारी कोंबडा आणि कोंबड्याच्या शेजारी माझा बा.

आमच्या पाटलांनी मोठ्या मनानं हुकूम दिला की तो देवीपाशी बसलेला माणूस आहे, त्याला उपाशी ठेवू नये. पण अलीकडं येऊ द्यायचं नाही आणि कुणी जवळ जायचं नाही. मग भाकरी पोचवायची कशी? मी फेकून बघितली, ती पाण्यात पडली आणि मासे जमले. दुसऱ्या दिवशी सासूनं काही न बोलता भाकरी फडक्यात बांधली, गोफणीत घातली, डोक्यावरून गरगर फिरवली आणि सोडली. भाकरी थेट बाच्या मांडीवर जाऊन आदळली. ती तरुणपणी राखणीला माळ्यावर बसायची, पाखरू उडायच्या आत टिपायची.

“व्याही, लागलं का?” ती ओरडली.

“न्हाई वो इहीणबाई. पर कांदा चेचला.”

“मग आयताच चेचलेला खावा.”

बा निम्मी भाकरी स्वतः खायचा आणि निम्मी कोंबड्याला घालायचा. त्याचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं. कोंबड्याशी बोलायचा, देवीशी बोलायचा. वडजलमध्ये कुणी गेलं की त्या घरचं माणूस पलीकडच्या काठावर येऊन मेलेल्याचं नाव घेऊन ओरडायचं आणि बाला शिव्या घालायचं. बा तेवढ्यापुरता गप्प व्हायचा आणि हात जोडायचा. नावं रोज यायची. कधी एका घरातली सगळी एकदम यायची. त्यांत मी दादाचं नाव येतं का ते कान देऊन ऐकायची. ते आलं नाही, आणि मला बरं वाटायचं. ते का आलं नाही हे मला फार पुढं कळलं. दादा आणि वैनी गाडा निघायच्या आधीच गेले होते. बानं गाड्यासाठी ज्या लाकडाच्या फळ्या काढल्या, त्यातलंच उरलेलं लाकूड त्यांना लागलं होतं.

त्यानंतर पाऊस आला, वरच्या डोंगरात कोसळला, आणि ओढ्याला असा लोंढा आला की सकाळी तिथं काही नव्हतं. देवी नाही, गाडा नाही, बा नाही. कोंबडा तेवढा आमच्या काठच्या बाभळीवर बसून आरवत होता. त्याला कुणी धरलं नाही. धरायची छाती नव्हती.

निंबोडीत त्या साली गाठीनं एकही माणूस गेलं नाही. बयाजी पाटलांनी मरीआईचं देऊळ बांधलं आणि मरेपर्यंत सांगत राहिले की देवीला आपण बोलण्यात कसं अडवून धरलं. वडजल निम्मं ओस पडलं. तिथली उरलेली माणसं माझ्या बाच्या नावानं अजून थुंकतात. मला त्यांचा राग येत नाही. ज्यांची घरंच्या घरं गेली, त्यांना कुणाचं तरी नाव लागतं. त्यानं मागं बघितलं नसतं तर ती वाचली असती का, मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मी त्याचा विचारही केला नाही. आणि आमच्या गावात आजही कुणी कामाच्या ऐन वेळी नसत्या गोष्टीत अडकला की म्हणतात, “काय रं, सुतारासारखं चाक बगतोस काय?” म्हणणाऱ्यांना आता तो सुतार कोण तेही ठाऊक नसतं. माझ्यासमोर म्हणतात. मी म्हणू देते.

पण पाऊस यायच्या आदल्या दिवशीचं सांगायचं राहिलं.

त्या दिवशी मी केरबाला घेऊन काठावर गेले तेव्हा बा उजवा हात अंगापासून लांब धरून बसला होता, काखेत काही ठेवल्यासारखा.

“हाताला काय झालं?”

“गाडा ढकलून खांदा भरलाय.”

“ताप हाय का?”

“ऊन हाय. ताप कशाचा?”

उरलेली भाकरी शेजारी तशीच होती. कोंबडा ती टोचत होता. काठावर नेहमीची मंडळी जमली होती. पाटील येत, दगडू येई, कामधाम नसलेली सगळी येत आणि देवी जागेवर आहे ना हे बघून जात. सासू गोफण घेऊन माझ्या मागंच उभी होती.

मला सारखं एकच विचारायचं होतं आणि रोज ते राहून जात होतं. त्या दिवशी विचारलं.

“बा, मागं का बगितलंस रं?”

सगळे पुढं सरकले. त्यांनाही ऐकायचं होतं. बानं माझ्याकडं बघितलं, मग कडेवरच्या केरबाकडं. ओठ कोरडे पडले होते, ते जिभेनं ओले केले.

“चाक बगितलं गं,” तो म्हणाला. “डावं चाक. वाईच कललंय की काय वाटलं.”

काठावर एकच हशा पिकला. बयाजी पाटील डोळे पुसत हसले. “सुतार त्यो सुतारच!” सासू म्हणाली, “म्या म्हनलं न्हवतं…” आणि मध्येच थांबली.

मी गाड्याकडं बघितलं. पाणी तळाच्या फळ्यांना लागून वाहत होतं. त्याच्याखाली डावं काय आणि उजवं काय, कुठलंच चाक दिसत नव्हतं. तो काठावरून वळला त्या दिवशीही दिसत नव्हतं. त्यानंच बुडी मारून दगड लावले होते.

मग मला माझ्या पाठवणीचा दिवस आठवला, आणि ज्याच्यावर मी इतकी वर्षं रुसून होते ते वंगण आठवलं. मी मान वर केली. बा माझ्याकडंच बघत होता. मला कळलं आहे हे त्याला कळलं होतं, आणि तो डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगत होता. शेजारी माणसं हसत होती. सासू तेवढी हसत नव्हती. ती पाण्याकडं बघत होती.

मी केरबाला सावरलं आणि विचारलं.

“मग? नीट हाय का चाक?”

“एकदम सरळ,” बा म्हणाला. “लांब जाईल. आता जा घरी, पोराला ऊन लागतंय. आन् मागं बगू नगंस.”

मी केरबाला कडेवरून उचलून खांद्यावर टाकलं आणि काठ चढायला लागले. सासूनं माझा दंड धरला होता. मी मागं बघितलं नाही. केरबा मात्र माझ्या खांद्यावरून मागं बघत होता, आणि घर येईपर्यंत खिदळत होता.